चार बोटं उंच कट्टा

३ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तू फोन उचलत नाहीस, आणि दाराखालून सरकवलेल्या पत्राला 'नंतर बोलतो' असं काही सांगता येत नाही, म्हणून हा मार्ग काढला. अक्षर लावून वाच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला टेबलाशी नीट बसता येत नाही. पाय लांब करून, मांडीवर ड्रॉइंगची जुनी फळी ठेवून लिहिते आहे.

तुझे भावोजी रिटायर झाल्यापासून आमच्या घराचे कारभारी झालेत. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेच्या डब्यावर 'साखर'. इतकी वर्षं मी ती अंदाजाने खात होते. परवा मीठ आणायला विसरले, तर मला मिठाच्या रिकाम्या डब्यासमोर उभं करून त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. आता बोल. बाकी ऑफिस चाललं आहे. तिथली नवी मुलं चांगली आहेत, फक्त पेन्सिल हातात धरली की शाळेत शिक्षा झाल्यासारखी तोंडं करतात.

माझी बातमी अशी की मला एका स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर घेतलं आहे. बस डेपोची जुनी जागा रिकामी झाली आहे, तिथे साध्या पगाराच्या लोकांसाठी घरं व्हायची आहेत. घर परवडणारं हवं, आजच्या काळाचं हवं, आणि शहराच्या मधोमध असूनही त्यात माणसाला श्वास घेता आला पाहिजे. जागा सगळ्यांना तीच, एका घराचं क्षेत्रफळही तेवढंच. आपण दोघं लहान असताना ज्या खोलीत राहिलो तिच्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच समज.

पद्धत तुला ठाऊक आहे. कागदावर नाव नसतं, मागे नुसता आकडा असतो. नाव बंद पाकिटात, आणि ते निकालानंतरच फोडायचं. परीक्षकाने चित्रावरून एखाद्याचा हात ओळखला तर तसं सांगून खोलीबाहेर जाऊन बसायचं, असाही नियम आहे. मी त्यावर सही केली आहे. म्हणून कोणाचं काय आलं आहे यातलं एक अक्षरही तुला सांगणार नाही.

सर्वसाधारण गंमत सांगते, ती चालेल. चित्रांत माणसं चिकटवायची हल्ली फॅशन आहे. घर एवढंसं, आणि त्यात एक उंच बाई हातात फुगे घेऊन उभी. शेजारी वासराएवढा कुत्रा. तो कुत्रा वळायचा म्हटला तर नवऱ्याला बाहेर जावं लागेल. घर स्वस्त काढलं तरी माणसं श्रीमंतांचीच चिकटवतात.

हे सगळं बघताना आईची पाठ आठवली. आपण आईला स्वयंपाक करताना समोरून कधी बघितलंच नाही. ओटा भिंतीला, आई भिंतीकडे तोंड करून, आणि आपण मागे. ती रागावली आहे का रडते आहे हे आपण तिच्या खांद्यांवरून ओळखायचो. तुला ते माझ्याआधी कळायचं. आपण दोघांनी काढलेल्या पहिल्या इमारतीत तू ओटा फिरवून पॅसेजच्या बाजूला नेलास, त्यावर खिडकी काढलीस आणि खिडकीबाहेर बसायला कट्टा केलास, तेव्हा मी विचारलं होतं की हे कुठून सुचलं. तू म्हणालास, "पाठ बघून कंटाळलो."

कट्टा मात्र चार बोटं उंच झाला. गवंड्याने फरशीची जाडी दोनदा धरली, आणि आपल्या लक्षात आलं तेव्हा तीन मजले झाले होते. बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून माणूस आपोआप एक पाय वर घेऊन बसतो. तू किती दिवस त्यावरून धुसफुसत होतास. पुढच्या इमारतीत चूक सुधारतो म्हणायचास. पुढच्या इमारतीत कट्टाच राहिला नाही, आणि ऑफिसात तूही. त्या भांडणात मला आज जायचं नाही.

बरं, तू हल्ली काही काढतोस का? म्हणजे घरं. सहज विचारते आहे. वर्कशॉप कसं चाललं आहे हेही कळव. उत्तर जरा लवकर टाक, बारा-तेरा तारखेच्या आत आलं तर बरं. खास कारण काही नाही.

भावजयीला आशीर्वाद.

तुझी,
ताई

२१ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं कार्ड वेळेवर पोचलं. "ताई, मी टेबलं आणि कपाटं करतो. घरं काढत नाही. गुडघ्याला जप." इतकाच मजकूर, तोही सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेला. भावोजी म्हणाले, "तारखात्यात नोकरी करायला हवी होती याने." गुडघा जपते आहे. जिना उतरताना अजून कठडा लागतो, पण चालताना काठी सोडली.

निकाल लागला, पाकिटं फुटली, त्यामुळे तोंडावरची बंदी उठली आहे. तुला सगळं सांगायचं असं ठरवून बसले आहे. सकाळपासून दोन कागद फाडले. डॉक्टर काय म्हणाले, गॅलरीतल्या कुंडीला कीड कशी लागली, हे लिहून झालं की पान संपतं आणि मी सुटते. या वेळी कुंडी वगळते.

त्या ढिगात एक चित्र होतं. पहिल्याच दिवशी दिसलं. ओटा पॅसेजच्या बाजूला, त्यावर रुंद खिडकी, बाहेर कट्टा. एवढ्यावरून मी काही बोलले नसते, ओटा कोणीही फिरवू शकतो. पण इमारतीचा उभा छेद बघितला आणि हात थांबला. कट्टा चार बोटं उंच होता. त्यावर हाताने काढलेला एक माणूस एक पाय वर घेऊन बसला होता, आणि खिडकीच्या आत एक बाई त्याच्याशी बोलत होती. फुगे नाहीत, कुत्रा नाही. चांगली कल्पना दुसऱ्याची उचलता येते, पण चूक कोण उचलतं? मला वाटलं, हा माझा भाऊच.

तुला पत्र टाकलं ते त्याच दिवशी. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. परीक्षकाने असं विचारणंही बरोबर नव्हतं, आणि मंडळाला न सांगणंही, ते मला कळत होतं. तुझं कार्ड आलं आणि माझी खात्री उलट वाढली. स्पर्धेत उतरलेला माणूस परीक्षकाला 'हो' कसं लिहील? तू 'नाही' लिहिलंस आणि मी 'हो' वाचलं. वर मनात म्हटलं, अजून खोटं बोलता येत नाही याला, तीन वाक्यांत आटपतो.

शेवटच्या फेरीत दोन चित्रं उरली. एक ते, आणि दुसरं एका मोठ्या ऑफिसचं. दुसऱ्यात पॅसेज अरुंद होता आणि दर मजल्यावर एक घर जास्त बसवलं होतं. फार हुशारीने बसवलं होतं. मी काढलं असतं तर असंच काढलं असतं. आम्ही पाच परीक्षक होतो. चर्चा सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिले आणि अध्यक्षांना म्हटलं, "यातला एक हात मी ओळखते."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, कमी बोलणारे. म्हणाले, "खात्री आहे?"

"आहे."

"कोणाचा ते सांगू नका. बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसले. आतलं सगळं मला नंतर जिन्यात कळलं, आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून. त्या भाडेकरूंच्या वतीने मंडळावर होत्या. मला वाटलं होतं की त्यांचं मत तरी कट्ट्याला पडेल. त्या म्हणाल्या, "मी दुसऱ्याला मत दिलं. माझ्या दारात सारखं कोणीतरी बसलेलंच असतं. मला दार लावून घ्यायचं सुख पाहिजे." आत दोन विरुद्ध दोन झालं. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत मोठ्या ऑफिसला दिलं, कारण घरं जास्त होतात. कट्टा दुसरा आला.

मी खोलीत असते तर माझं मत कट्ट्याला पडलं असतं आणि तो पहिला आला असता.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच ते दोन कागद फाडले. बाहेर बसले ती नियमासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. भावोजींनाही तेच सांगितलं, तर त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. नियम होताच, खोटं नाही. पण त्या बाकावर बसून मी तू जिंकावंस असं म्हणत नव्हते. तू जिंकलास तर सगळ्यांसमोर ठरणार होतं की तेव्हा कट्ट्याच्या भांडणात तू बरोबर होतास आणि मी घरं मोजणारी बाई होते. दार उघडून कारकून म्हणाला, "कट्टावालं दुसरं आलं," आणि मला बरं वाटलं. माझ्या सख्ख्या भावाचं चित्र हरलं असं समजून मला बरं वाटलं, धाकट्या. हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही, म्हणून ज्याला सांगू नये त्यालाच सांगते आहे.

मग पाकीट फोडलं. त्यात तुझं नाव नव्हतं.

दोन नवी नावं होती, एक मुलगी आणि तिच्याच वर्गातला एक मुलगा. शिक्षण संपून फार दिवस झाले नसावेत. मुलीच्या बोटांना अजून मॉडेलचा डिंक होता. निकालाचा कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं आणि विचारलं, "कट्टा एवढा उंच का धरलात?"

तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, "कट्टा एवढाच असतो ना? मी घरी जाऊन माप घेतलं."

ती आपल्या पहिल्या इमारतीत वाढली आहे. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. तिचे वडील रात्रपाळीला ट्रक चालवायचे आणि आई दिवसा कारखान्यात जायची. सकाळी वडील घरी यायचे तेव्हा आई डबे भरत असायची. आत मुलं झोपलेली, म्हणून ते बाहेर कट्ट्यावर बसायचे, एक पाय वर घेऊन. खिडकीतून चहा घ्यायचे आणि दोघं हळू बोलायची. चहा संपला की आई निघायची. मुलगी म्हणाली, "आईबाबा एकमेकांना भेटायचे ते तेवढंच. त्यांचा संसार त्या खिडकीत झाला." ती अंथरुणात पडून त्यांचं बोलणं ऐकायची. काय बोलायचे ते आठवत नाही म्हणाली, आवाज आठवतात.

मी चष्मा पुसत बसले. तिला वाटलं काहीतरी चुकलं. घाईघाईने म्हणाली, "क्षेत्रफळ वाया जातं हे माहीत आहे आम्हाला. पण तो काढून बघितला तर घर आमचं वाटेना."

मग तिने विचारलं की हे मुळात कोणी सुचवलं, तुम्ही का? त्या इमारतीच्या फाटकावरच्या पाटीवर अजून माझंच नाव आहे. मी सांगितलं, माझ्या धाकट्या भावाने. उंचीची चूक गवंड्याची, असंही सांगितलं. ती म्हणाली, "चूक कसली? उंच आहे म्हणून तर बाबांचं तोंड आईच्या तोंडासमोर यायचं." आपण दोघं त्यावरून गवंड्याला इतकं बोललो, आणि त्यावर कोणी बसलं तर आतल्या माणसाला कसं दिसतं हे बघायला आपल्यापैकी एकही जण नंतर तिकडे फिरकला नाही.

"ते अजून घरं काढतात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "टेबलं करतो." या वेळी मी तुझ्या कार्डावर विश्वास ठेवला. उशिरा ठेवला.

आता कामाचं. डेपोच्या मागच्या अंगाला एक लहान तुकडा उरतो. दुसऱ्या नंबरचं चित्र तिथे बांधायला आयोजक तयार आहेत. अध्यक्षांनीच तो आग्रह धरला, आपल्या मताची रुखरुख त्यांनाही असावी. पण ही दोघं नवखी आहेत. त्यांच्या नकाशांवर जबाबदारीची सही करायला आणि काम संपेपर्यंत साइटवर उभं राहायला परवाना असलेला, हाताखालून इमारत गेलेला आर्किटेक्ट हवा. महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं आहे. नाही दिलं तर त्या तुकड्यावर गाड्या उभ्या राहतील. मोठ्या ऑफिसांनी नकार दिला. एवढ्याशा कामात त्यांना काय मिळणार? आणि मला करता येत नाही. परीक्षकाने स्पर्धकाबरोबर काम करायचं नाही असा नियम आहे, आणि हा मोडायची मला खरोखर इच्छा असतानाच तो आडवा आला आहे.

नोंदणीची यादी काढून बघितली. तुझं नाव अजून त्यात आहे. परवान्याचं नूतनीकरण तू एकदाही चुकवलेलं नाहीस. टेबलं करायला परवाना लागत नाही, धाकट्या. दुकान बंद करून कुलपाला मात्र नेमाने तेल घालतोस.

मी मुलीला तुझा पत्ता दिला आहे. ती दोघं शनिवारी नकाशांची गुंडाळी घेऊन येतील. तुला आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्यांना सांगितलं आहे की तू आधी खेकसशील, मग चहा विचारशील. भावजयीला सांग की मुलगी साखर कमी घेते.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने मी अजून लिहून देणार नाही. रुंद पॅसेजपायी दर मजल्यावरचं एक घर जातं. तेव्हाही जात होतं, आताही जाणार. ते घर ज्याला मिळत नाही त्याला खिडकीत काय सांगायचं? तू म्हणायचास की नुसती मोजून घरं होत नाहीत. मी म्हणायची, रांगेत उभा असलेला माणूस तर मोजूनच घर मागतो. शिवणाऱ्या बाईंनी मला तेच ऐकवलं, आणि ट्रकवाल्याच्या मुलीने तुझं. मला वाटतं आपण दोघं खरं बोलत होतो, आणि म्हणूनच ते भांडण मिटलं नाही. त्या मुलांनाही हा प्रश्न पडणार आहे. त्यांच्याशी त्यावर कोणीतरी भांडायला हवं, आणि माझ्याइतकं त्यावर भांडलेला माणूस तूच आहेस.

माझ्यावरचा राग खरा आहे, तो ठेव. मी बाकावर बसून काय केलं ते कळल्यावर तो वाढला तरी चालेल. फक्त त्या तुकड्यावर तो काढू नकोस. आणि मी सांगते आहे म्हणूनही सही करू नकोस. नकाशे बघ, मग ठरव.

काय ठरवलंस ते कार्डावर कळव, पेन्सिलीने चालेल. मागच्या वेळी तू खरं लिहिलंस आणि मी ते खरं मानलं नाही. या वेळी 'नाही' आलं तर मी त्याचा दुसरा अर्थ काढणार नाही, तुला पुन्हा विचारणार नाही, आणि मुलांना दुसरा माणूस शोधायला लगेच मदत करीन. 'हो' आलं तर महिनाअखेरच्या आत कळव, आणि मला साइटवर बोलवू नकोस. नियमाने मला इमारत पुरी होईपर्यंत येता येणार नाही. पुरी झाली की मी येईन. जिना असला तरी.

तुझ्या शब्दावर थांबलेली,
ताई